मोत्यासह नाशिक

नाशिकला माणूस दोनच कारणांनी जातो, असे आमचे अण्णा म्हणत : पापे धुवायला किंवा द्राक्षे खायला. त्यांनी स्वतः दोन्ही कारणांनी नाशिक गाठले होते आणि द्राक्षांची खेप अधिक फलदायी झाली असे ते चारचौघांत सांगत. २०२५ च्या जानेवारीत आम्ही त्यांना तिथे शेवटचे नेले, ते तांब्याच्या कलशातून. बरोबर मी, आमचे कुटुंब, नागपूरहून आलेली ताई आणि मोत्या.

मोत्या हा अण्णांचा कुत्रा. जात विचाराल तर अस्सल गावठी. तेरा वर्षांपूर्वी ठाण्याच्या भाजीबाजारातून, कोथिंबिरीच्या पिशवीत बसून तो घरी आला आणि पुढे त्याने अण्णांखेरीज कोणाला मालक मानले नाही. आम्हाला तो घरातले उतारू समजे. अण्णा गेले त्या दिवसापासून त्याने खाणे टाकले होते. ताईने हाताने भरवले तर चार घास घेई. शेजारचे म्हणाले, "ठेवा हो आमच्याकडे." पण शेजाऱ्यांच्या हातून तो पाणीसुद्धा घेईना. कुत्रे सांभाळणारी वसतिगृहे हल्ली ठाण्यातही निघाली आहेत. तिथे विचारले, तर म्हातारे आणि न खाणारे कुत्रे घ्यायला त्यांची तयारी नव्हती. दहावा नाशिकला करायचा हे अण्णांनीच सांगून ठेवलेले. तेव्हा मोत्याला नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

रेल्वेने जायचे का, याचा विचार झाला. कुत्र्याच्या बाबतीत रेल्वेचा नियम मोठा सरळ आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गातला दोघांचा कूपे किंवा चौघांची खोली पुरी आपल्या नावावर घ्या आणि कुत्रे खुशाल आत न्या. ते परवडत नसेल, तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत घाला. बाकीच्या वर्गांत प्रवेश नाही. आता पंचवटी एक्स्प्रेसला पहिल्या वर्गाची खोलीच नाही, आणि तेरा वर्षांचा, मागचा पाय ओढत चालणारा जीव एकट्याने पेटीत घालायचा, हे कोणाच्याच मनाला येईना. शेवटी मेव्हण्यांची मोटार घेतली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा टप्पा तेव्हा खुला व्हायचा होता. तो झाला जूनमध्ये. आम्ही जुन्या कसाऱ्याच्या घाटानेच गेलो, आणि ते बरे झाले. मोत्याला तासातासाला खाली उतरावे लागे. घाट चढून इगतपुरीला आलो तेव्हा असा गारठा पडला होता, की चहाच्या टपरीवर तो प्रथमच आपणहून माझ्या पायाशी येऊन बसला.

मी फोनवर लॉजमध्ये खोली सांगून ठेवली होती. कुत्र्याचेही सांगितले होते. पलीकडचा माणूस "हो हो, या" म्हणाला होता. संध्याकाळी सात वाजता पोचलो. लॉजचे नाव सांगत नाही. पंचवटीत अशी पुष्कळ आहेत. गल्ल्यामागे मॅनेजर, त्यांच्या डोक्यावर रामरायाची तसबीर, आणि तसबिरीशेजारी सूचनांची पाटी. मद्यपान करू नये, मोठ्याने बोलू नये, मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही. कुत्र्यांचा उल्लेख नव्हता. ती जागा मॅनेजरांनी तोंडी भरून काढली.

"साहेब, सुतकाची मंडळी आम्हाला चालतात. आमचा धंदाच तो आहे. पण जनावर नाही."

"फोनवर हो म्हणाला होतात."

"फोनवर मुलगा होता. त्याला वाटलं, तुम्ही लहान मूल म्हणताय."

मोत्या म्हणजे आमचे लहान मूलच, असे म्हणून ताईने डोळ्यांना पदर लावला. मॅनेजर विरघळले नाहीत. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. आज तितका येत नाही, कारण नंतर त्यांनी जे सांगितले ते खोटे नव्हते. मागे एक कुटुंब असेच कुत्रे घेऊन उतरले होते. सकाळी कुत्र्याला खोलीत कोंडले, कुलूप लावले आणि मंडळी त्र्यंबकेश्वरला गेली. तीस किलोमीटर जायचे, रांगेत उभे राहायचे, परतायचे, दिवस सरला. कुत्र्याने दाराचा रंग खरवडून काढला, गादीचा कापूस केला आणि दिवसभर असे रडले, की शेजारच्या खोलीतल्या आजीबाईंनी जप सोडून कानांत बोटे घातली. संध्याकाळी दार उघडायला पोऱ्या गेला, त्याला ते चावले. इंजेक्शनांसाठी हेलपाटे मॅनेजरांनी घातले. ते कुटुंब दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून गेले होते.

या गोष्टीत नाशिकचे वर्म आहे. अलिबागला कुत्रे नेले तर ते मालकाबरोबर वाळूत हुंदडते. महाबळेश्वरला ते पॉइंटांवर फिरते. तीर्थक्षेत्री मालक जातो देवळात, आणि देवळात कुत्र्याला मज्जाव. मग त्याने दिवसभर करायचे काय? खोलीत बसायचे. म्हणजे कुत्र्याला खोलीत येऊ द्यावे की नाही, हा प्रश्नाचा निम्माच भाग झाला. कुत्र्याला खोलीत एकटे सोडून जाऊ द्यावे काय, हा उरलेला निम्मा, आणि सगळी भांडणे त्या निम्म्यातली आहेत.

तरी बाहेर मोटारीत बसल्यावर माझ्या मनात आले, की कुत्र्याला खोली नाकारणारा पहिला व्यवस्थापक इंद्र. महाप्रस्थानाच्या शेवटी एकटा उरलेला धर्मराज मागून आलेल्या कुत्र्यासह स्वर्गाच्या दाराशी पोचतो, तेव्हा इंद्र त्याला सांगतो की कुत्रेवाल्यांना इथे जागा नाही. आणि कारण कोणते देतो? विटाळाचे. धर्मराज म्हणतो, मग मलाही नको तुमचा स्वर्ग. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म निघाला, ही गोष्ट वेगळी. धर्मराजाला ते आधी ठाऊक नव्हते. शिवाय त्याच्यापाशी ताई, कुटुंब आणि सामानाचे सहा डाग नव्हते. रात्री आठ वाजता जानेवारीच्या थंडीत स्वर्ग नाकारणे त्याला सोपे होते.

आणखी तीन ठिकाणी विचारले. एकाने मोत्याला गच्चीत बांधायला सांगितले. दुसऱ्याने कुत्रा कोणत्या जातीचा, असे विचारले आणि उत्तर ऐकून खोली शिल्लक नसल्याचे सांगितले. परदेशी जातीचा असता तर शिल्लक असती की काय, कोण जाणे! तिसऱ्याने भले मनाने सुचवले, की गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांतून नवी हॉटेले झाली आहेत, तिथे कुत्री चालतात. खरेच आहे ते. गेल्या पंचवीस वर्षांत नाशिकची द्राक्षे खाण्यापेक्षा पिण्याचीही झाली आणि त्या निमित्ताने मुंबई-पुण्याचे एक निराळेच यात्रेकरू येऊ लागले. त्यांच्याबरोबर कुत्री येतात, आणि तिथे मोकळी जागा असल्यामुळे ती सुखाने नांदतात. अण्णांची तर तिथे उतरायला मुळीच हरकत नसती. पण सुतकात दारूच्या मळ्यात राहायचे आणि सकाळी सातला रामकुंडावर हजर व्हायचे, हे ताईला पटेना. भाडे मला पटेना.

कायद्याने भांडावे, तर तिथेही काही हाती लागत नाही. कुत्रे पाळायला सोसायट्यांनी बंदी घालू नये, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सांगितले. पण ते घरापुरते. लॉज म्हणजे घर नव्हे. इंग्लंडात आंधळ्यांना वाट दाखवणारी कुत्री असतात. ती हॉटेलवाल्याला नाकारता येत नाहीत, असे तिथल्या २०१० च्या समानतेच्या कायद्याने ठरले आहे. आमचा मोत्या कोणाला वाट दाखवणार? त्यालाच दाखवावी लागत होती.

साडेनऊच्या सुमारास एका बोळात खोली मिळाली. लॉज कसले, जुना वाडाच तो. खाली चार खोल्या, वर मालकीणबाई. सत्तरीच्या असतील. त्यांनी मोत्याकडे बघितले, कलशाकडे बघितले आणि चार अटी घातल्या. कुत्रे क्षणभरही खोलीत एकटे ठेवायचे नाही. त्याचे अंथरूण तुमचे. खोली मागच्या दारालगतची घ्यायची, म्हणजे जाता-येता दुसऱ्या उतारूंच्या पायात यायला नको. आणि पाचशे रुपये अनामत. वर, त्याला टोचल्याचा कागद दाखवा म्हणाल्या. रेबीजच्या लशीचा दाखला अण्णा दरवर्षी करून घेत आणि मोत्याच्या पट्ट्याबरोबर एका डब्यात ठेवीत. तो ताईने आणला होता. बाईंनी चष्मा लावून तारीख वाचली. मला वाटते, हॉटेलांनी कुत्री घ्यावीत. आणि घेताना या बाईंच्या अटींपेक्षा एकही जास्त घालू नये, एकही कमी करू नये.

दुसऱ्या दिवशी दहावा झाला. आमच्या उपाध्यांनी वही काढली, पाने उलटली आणि अण्णांच्या वडिलांच्या क्रियेच्या वेळची अण्णांची सही दाखवली. शाई फिकट झाली होती. खाली मी सही केली. घाटावर सिंहस्थाच्या तयारीची बोलणी चालली होती. २०२७ चे पर्व जवळ येत चालले, तेव्हा लाखो माणसे उतरणार कुठे, याची चिंता सगळ्यांना. मी मोत्याच्या खोलीची हकीकत सांगितली, तेव्हा उपाध्ये हसून म्हणाले, "अहो, इथे माणसांचे बघा आधी."

ते बोलणे मला लागले. सुतकामुळे देवळे आम्हालाही बंद होती. कपालेश्वराच्या पायऱ्या मी खालूनच बघितल्या. त्या देवळात महादेवापुढे नंदी नाही. रामकुंडात स्नान केल्याने पाप फिटेल, हे महादेवाला नंदीने सुचवले. म्हणून तो गुरू, आणि गुरूला समोर बसवायचे नाही, अशी कथा. पुढे चालत काळारामाच्या महाद्वाराशी गेलो आणि बाहेर उभा राहिलो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांनी या देवळाच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे हजारो सोबती पुढे कित्येक वर्षे झगडले. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. या गावाने माणसांना दाराबाहेर ठेवले आहे, आणि तेही विटाळाच्याच नावाने. कुत्र्याच्या खोलीसाठी अन्याय हा शब्द वापरायला त्या दारासमोर माझी जीभ उचलेना. गैरसोय म्हणावे, तेवढे पुरे.

कावळा लगेच शिवला. अण्णांचा स्वभाव बघता मला त्यात नवल वाटले नाही. बाराव्याला पाने वाढली तेव्हा उपाध्यांनी गायीचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास बाजूला काढला. यमाचे दोन कुत्रे, श्याम आणि शबल, वाट राखून असतात; त्यांच्या नावाने तो श्वानबली. घरातल्या कुत्र्याला आत घेताना आपण कां-कूं करतो आणि मेलेल्या बापासाठी वाटेवरच्या कुत्र्यांना घास घालतो! तो घास मोत्याला द्यावा असे ताईच्या मनात. ठेवला. मोत्याने हुंगला आणि मान फिरवली. परक्याच्या हातचे खायचे नाही, ही अण्णांची शिकवण. घाटावरचे एक पिवळे कुत्रे लांबून बघत होते, त्याने येऊन पान चाटून पुसून टाकले.

बाईंच्या पहिल्या अटीमुळे आमच्या वाट्याला नाशिक अर्धे अर्धेच आले. एकाने कायम मोत्यापाशी बसायचे. पांडवलेणी मी पाहिली, कुटुंबाला ती राहिली. ती आणि ताई मिसळ खाऊन आल्या, तेव्हा मी पायरीवर बसून चिवडा खात होतो. त्या पायरीवर लॉजच्या पोऱ्याशी ओळख झाली. जव्हारकडचा होता. कुत्र्यांचा त्याला राग नव्हता, केसांचा होता. "चादरीवरचे केस झटकून निघत नाहीत, काका. ओल्या हाताने वेचावे लागतात. एका खोलीला दोन खोल्यांचा वेळ." कुत्रे चालते म्हणणारी मोठी हॉटेले त्याचे वेगळे पैसे लावतात. त्यातले केस वेचणाऱ्याच्या हाती किती पडतात, हे बिलावर लिहिलेले नसते. मग आमच्या खोलीतले केस रोज सकाळी मी वेचू लागलो. कंबर धरली.

निघायच्या दिवशी बाई स्वतः खोली बघायला आल्या. गादी चाचपली, दार निरखले, कोपरे हुंगले. सगळे ठीक. मग उशी उचलली. अभ्रा टराटरा फाटलेला. "म्हणजे एवढं केलंच तर यानं," असे म्हणत त्यांनी अनामतीतून पन्नास रुपये कापून घेतले. अभ्रा आदल्या रात्री माझ्याकडूनच फाटला होता, कूस बदलताना, घड्याळात अडकून. ताईने माझ्याकडे बघितले. मी मोत्याकडे बघितले. तो शेपूट हालवीत बाईंच्या हाताचा वास घेत होता, आणि बाई त्याला रागवायचे सोडून, जाताना खायला म्हणून अर्धी पोळी आणायला आत वळल्या.