तितराचा पगार

शिकारीच्या गोष्टी सांगणारे दोन जातीचे असतात. एक, ज्यांनी वाघ मारला आणि दुसरे, ज्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. वाघवाल्याची गोष्ट एकदा ऐकली की संपते. दुसऱ्याची पन्नास वर्षं पुरते. आमची कामठीची टोळी या दुसऱ्या जातीची.

१९६८ पासून चार हंगाम, दिवाळी झाली की होळीपर्यंत, दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी आम्ही पाच जण पहाटे सायकली काढून कन्हानचा पूल ओलांडत असू. मग रेल्वेलाइनच्या बाजूबाजूनं साळव्याकडे, कधी पुढं चाचेरपर्यंत. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, मधे तुरीचे पट्टे, बांधावर बोरी-बाभळी आणि नाल्याकाठी सिंदीची दाटी. ही तितराची जागा. त्या काळी परवाना काढून तितर-लावा मारता येत असे.

आमच्यात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. सुभेदारसाहेब पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. बारा बोअरची एकनळी बंदूक आणि परवाना त्यांचा. गार्डसाहेब मालगाडीवर गार्ड. उस्ताद हातमागावर लुगडी विणायचे. मोमीनपुरुष, पाच वक्ताचे नमाजी आणि तोंडानं अतिशय तिखट. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, आणि गळ्यात तुळशीची माळ. माळकरी माणूस शिकारीला कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणत, "मी मारायले नाही येत बाप्पा, मोजायले येतो." खरंच त्यांच्या पिशवीत एक लाल कापडी बांधणीची वही असे. बार किती, लागले किती, हुकले किती, दंड किती, सगळं तीत. पाचवा मी, कॉलेजातला. मला सगळे 'पोट्ट्या' म्हणत. पिंजरा आणि शिदोरीची पिशवी उचलणं हे माझं काम.

पिंजरा उस्तादांच्या पाळीव तितराचा. त्याचं नाव नवाब. तितराच्या शिकारीची गंमत अशी की नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज खपवून घेत नाही. पिंजऱ्यातला तितर बोलला की रानातला भांडायला येतो. म्हणून बोलक्या तितराला त्या दिवसांत फार भाव. उस्ताद रोज सकाळी पिंजऱ्यावर कापड घालून नवाबला फिरायला नेत, वारूळ उकरून उधई खाऊ घालत. सुभेदारसाहेब म्हणत, "एवढी खातिर पलटणीत जनरलचीपण होत नाही."

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडं वसंतात टर्कीच्या शिकारीला लोक झाडाला पाठ लावून तासन्‌तास बसतात, लाकडी डबी घासून मादीचा आवाज काढतात आणि नर येण्याची वाट पाहतात. पुष्कळदा रिकाम्या हातानं परततात आणि पुढं वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगतात. मी त्याला म्हटलं, म्हणजे तुमच्याकडंही आमच्यासारखेच आहेत.

नवाबची अडचण वेगळी होती. तो बोलायचा, पण आपल्या मर्जीनं. उस्तादांनी शीळ घातली तरी ढिम्म. लाइनवरून इंजिनाची शिट्टी झाली की मात्र मान ताठ करून सुरू. वाफेच्या इंजिनाला तो प्रतिस्पर्धी समजत असावा. त्यामुळे आमच्या शिकारीचं टाइमटेबल गार्डसाहेब ठरवत. "साडेसातले एक डाऊन माल आहे. तोवर च्या पिऊन घ्या." एकदा ती गाडी दोन तास लेट झाली. आम्ही पाच जण सिंदीच्या आडोशाला बंदूक धरून मालगाडीची वाट पाहत बसलो. तिकडून जाणाऱ्या एका गुराख्यानं विचारलं, "काहून जी, गाडी मारता का?"

तितर काय बोलतो, याची एक जुनी गोष्ट आपल्याकडं सांगतात. मौलवीला तो 'सुभान तेरी कुदरत' म्हणताना ऐकू येतो, वाण्याला 'नून तेल अदरक', पहिलवानाला 'खाओ पिओ करो कसरत'. आमच्यात ज्यानं त्यानं आपलं आपलं ठरवलं होतं. सुभेदारसाहेबांना ऐकू यायचं 'पीछे मुड, पीछे मुड'. गार्डसाहेबांना 'लेट है, लेट है'. मास्तरांना 'हातचा एक, हातचा एक'. मला काय ऐकू येतं हे कोणी विचारत नसे, कारण मला कायम भूक लागलेली असे. उस्ताद मात्र मौलवीच्या बाजूचे. "तुम लोगों के कान में मैल है. वो अल्ला का नाम लेता है."

आता शिकारीचं. सुभेदारसाहेबांचा एक नियम होता. पळत्या तितरावर बार टाकायचा नाही, उडाला तरच. आणि तितर हा मुळात पायी चालणारा पक्षी. दाबल्याशिवाय उडत नाही, उडाला तरी भर्रकन थोडंसं जाऊन पुन्हा खाली उतरतो आणि पळत सुटतो. आमच्या भागातल्या तितरांना हा नियम कोणीतरी सांगितला असावा. ते आमच्यासमोरून बांधाबांधानं आरामात पळत जात. लाव्यांचं उलट. ते गवतात घट्ट चिकटून बसतात आणि अगदी पायाखाली आले की फटाक्याची लड फुटावी तसे चहूकडं उडतात. एकदा ते गार्डसाहेबांच्या पायाखालून उडाले, तेव्हा ते खिशातली हिरवी झेंडी काढून उभे राहिले. सवयीचा परिणाम. वहीत त्या दिवशी नोंद आहे: 'लावे अंदाजे दहा. गार्डसाहेबांनी सिग्नल दिला. सर्व वेळेवर रवाना.'

पण वर्षाकाठी दोन-चार तितर लागायचे, आणि लागला की आमची खरी धावपळ सुरू व्हायची. उस्ताद हलाल केल्याशिवाय खात नसत. तितर पडला की त्यात जीव असेपर्यंत सुरी फिरली पाहिजे, नाहीतर उस्तादांच्या पानात रोडगे आणि वांग्याची भाजीच. त्यामुळे बार लागला की पाचही जण पळत. उस्तादांचे पाय मागावर बसून बसून आखडलेले. ते शेवटी येत. सगळ्यात पुढं कोण? तर मास्तर. धोतराचा काचा मारून, माळ उजव्या हातात धरून, ढेकळांतून उड्या मारत. जो पक्षी ते खाणार नव्हते, त्याच्यासाठी. पोचले की पाखराला हात न लावता ओरडत, "उस्ताद, या लवकर! अजून हाय, अजून हाय!" एकदा ते असेच पळता पळता नाल्यात गेले. चिखलानं बरबटून वर आले आणि पहिला प्रश्न विचारला, "झालं का त्याचं बिस्मिल्ला?" त्या दिवशी उस्ताद जेवताना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, जन्नत में तुम्हारी सिफारिश मैं करूँगा. मगर धोतर धोके आना."

दंडाची रीत साधी होती. पाळीपाळीनं सगळे बार टाकत, ज्याचा हुकला त्यानं परतताना कन्हानच्या हॉटेलात सगळ्यांना चहा-भजी द्यायची. न्यायनिवाडा सुभेदारसाहेबांकडं.

तिसऱ्या हंगामातली गोष्ट. बाभळीखाली बसलो होतो, लांबून तितर बोलला. गार्डसाहेबांनी सहज विचारलं, "काय उस्ताद, काय म्हणते?" उस्ताद नवाबच्या पिंजऱ्यावरचं कापड सारखं करत होते. वर न बघता म्हणाले, "आजकल तो बोलता है, सूत दे, सूत दे."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. परतताना त्यांनी मला मागं ठेवून सांगितलं, "पोट्ट्या, उस्तादचा माग बंद हाय वाट्टे." हातमागाचे दिवस फिरत चालले होते. यंत्रमागाचं कापड स्वस्त पडे. सूत महाग, आणि व्यापारी विणलेला माल उचलायला तयार नसत. कामठीतल्या कित्येक घरांतला खटखट आवाज हळूहळू कमी होत होता, हे आम्ही रोज त्या गल्ल्यांतून जात असून कानावर घेतलं नव्हतं. उस्तादांनी थट्टेत सांगितलं म्हणून कळलं.

पुढच्या वेळी उस्तादांचा बार हुकला. सुभेदारसाहेबांनी निवाडा दिला की सूर्य डोळ्यावर होता, दंड माफ. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा हुकला. या वेळी वाऱ्याचा दोष. तिसऱ्यांदा उस्तादांनी बंदूक हातात घेतलीच नाही. "सुभेदार, आज चाँद आँख पे आ जायेगा," म्हणाले. त्यांना सगळं समजत होतं. उसने पैसे देऊ केले असते तर ते दुसऱ्या रविवारी आलेच नसते. शिवाय गावात कानोसा लागला होता की नवाबला एक गिऱ्हाईक आलं आहे.

तोड गार्डसाहेबांनी काढली. एका रविवारी त्यांनी शिदोरी सोडायच्या आधी रेल्वेच्या कोऱ्या फॉर्मवर शाईनं लिहिलेला हुकूम खड्या आवाजात वाचला. नवाब वल्द नामालूम, हुद्दा बिगुलर, याची नेमणूक कायम करण्यात येत आहे. पगार दरमहा दहा रुपये. मागील तीन वर्षांचा थकलेला पगार हप्त्यानं दिला जाईल. कामचुकारपणाबद्दल ताकीद. पगार पालकाच्या हाती द्यावा.

कोणी हसलं नाही. सगळे उस्तादांकडं पाहत होते. त्यांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. बराच वेळ गेला. मग ते पिंजऱ्याकडं वळून म्हणाले, "सलाम कर बे. सरकारी नौकर हो गया तू. अब तो बिल्कुल काम नहीं करेगा."

तेव्हा जे हसू फुटलं ते मी आजवर विसरलो नाही. मास्तरांनी वहीत नवीन पान काढलं. त्या दिवसापासून दर महिन्याला चौघांची वर्गणी 'पगार' म्हणून त्या पानावर लागायची, आणि उस्ताद नवाबच्या वतीनं उर्दूत सही करायचे. माझे दोन रुपये मी शिकवणीतून देत असे. रक्कम मोठी नव्हती. थकबाकीचे हप्ते धरून घरातलं धान्य निघत असेल, एवढंच. पण नवाब विकला गेला नाही आणि रविवार चुकला नाही.

दीड वर्षानं उस्तादांचा थोरला मुलगा कामाला लागला. पुढच्या रविवारी ते काखेत गाठोडं घेऊन आले. म्हणाले, "नवाब साहब रिटायर हो रहे हैं. उनका फंड निकला है." गाठोड्यात चार पंचे होते, स्वतः विणलेले, तांबड्या काठाचे. माग त्यांनी त्यासाठी पुन्हा जोडला होता. मास्तरांनी आपला पंचा डोळ्यांना लावला आणि वहीत लिहिलं: 'फंड पोचला.'

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुभेदारसाहेबांनी त्याच हिवाळ्यात बंदूक पेटीत ठेवली. "हुकूम म्हणजे हुकूम." पुढं १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची वाटच बंद झाली, आणि आज तितर पिंजऱ्यात ठेवणंही गुन्हा आहे. ते योग्यच झालं. आमच्या टोळीला त्यानं काही फरक पडला नाही. बंदुकीशिवाय आम्ही आणखी कित्येक वर्षं जात राहिलो. गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची आणि लांबून ऐकू येणारे तितर मास्तरांनी वहीत मोजायचे.

सुभेदारसाहेब गेले, गार्डसाहेब गेले, मास्तर गेले. वाफेची इंजिनंही गेली. वही माझ्याकडं आहे. उस्ताद आता नव्वदीला टेकले आहेत, घराबाहेर पडत नाहीत. मी कधी साळव्याकडून जाऊन आलो की त्यांना फोन करतो.

"पोट्ट्या, बोला क्या?" ते विचारतात.

"बोला, उस्ताद."

"क्या बोला?"

आणि मग मला दर वेळी नवीन काहीतरी जुळवून सांगावं लागतं. जुनं चालत नाही.