रफार शेवटी

माझ्या कथा अजूनही विंडोज एक्सपीवर लिहून होतात. सिडकोतल्या घरी इंटरनेट नसलेला एक संगणक आहे, त्यावर मराठी फॉन्टचं श्रीलिपी आणि पानं लावायचं पेजमेकर ७. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती, २००१ची. पत्रं, बिलं, परीक्षणं नव्या लॅपटॉपवर होतात. कथा तिथे हलत नाही.

कारण बोटांत आहे. औरंगपुऱ्यातल्या टायपिंगच्या क्लासमध्ये मराठी ३० आणि ४० (मिनिटाला शब्द) केलं, ते रेमिंग्टनच्या कळपाटावर. त्यात ‘किती’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. ‘धर्म’ लिहायचं तर ध, म आणि रफार शेवटी. कागदावर पेन चालतं अगदी तसं. नव्या इन्स्क्रिप्ट कळपाटात क्रम उच्चाराचा: ध, र, हलन्त, म. तो शास्त्रशुद्ध आहे, शोधायला, अकारविल्हे लावायला तोच हवा, हे मला मान्यच आहे. पण पात्राचं वाक्य ओठांवर आलेलं असताना रफार कुठे टाकायचा, याचा विचार मला नको असतो.

दुसरी गोष्ट लाल रेघेची. माझ्या कथांतल्या बायका ‘मव्हं’ म्हणतात, ‘कामून’ विचारतात. नवं सॉफ्टवेअर त्याखाली रेघ ओढतं, मोबाइल तर शब्दच बदलून टाकतो. पैठणकडची म्हातारी बोलते ते चूक कसं? तिच्या बोलण्याखालची ती रेघ मला खरोखर लागते. जुन्या पानावर कुणी मध्ये बोलत नाही.

अशी मी एकटीच नाही. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसवरच्या वर्डस्टार ४.० या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात. आपण टाइप केलं की परस्पर बदल करणारी मदत नको, असं त्यांनी २०१४ साली टीव्हीवर सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. कॅनडाचे लेखक रॉबर्ट सॉयर यांनी तर २०२४मध्ये वर्डस्टार ७ सगळ्यांसाठी खुलं करून ठेवलं.

जुन्याला धरून राहण्याची किंमत मोजावी लागते. श्रीलिपीची फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. संपादकांना युनिकोडच लागतं. रूपांतर केलं की जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रिंट शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहते. जुने संग्रहही आता असेच युनिकोडमध्ये आणते आहे. त्या म्हाताऱ्यांचं बोलणं एका हार्ड डिस्कच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नाही.