ढाल की वात?

मेसमध्ये करपलेल्या तेलाचा वास आला तर आपण भाजी बाजूला सारतो आणि वरण-भातावर भागवतो. पण तोच वास गाडीच्या बॉनेटमधून आला तर? बहुतेक लोक काचा खाली करतात आणि पुढे जातात. माझ्या मामाने आठ दिवस हेच केलं. म्हणून हा लेखनप्रपंच!

मामा पेणचा. त्याची टर्बो डिझेल गाडी हेच त्याचं पोट. पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड करत रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत दुसऱ्या पाळीची माणसं सोडायची आणि पहिल्या पाळीची घेऊन परत यायचं. मागे समोरासमोर बाकडी, आठ माणसं, उतरायला एकच दार.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्यासोबत एक फेरी मारली. आठ दिवसांपूर्वीच टर्बोचं काम झालं होतं. सपाट रस्त्यावर काही नाही, पण खिंड चढू लागलो की वास यायचा आणि बॉनेटच्या फटीतून निळसर धूर. मामा म्हणाला, "मिस्त्री बोलला, काम करताना तेल सांडलंय. चालवत राहा, जळून जाईल आपोआप."

आता थोडी थिअरी. (मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नका!) टर्बोचार्जरची कल्पना जुनी, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट मागितलं. फुकट जाणाऱ्या एक्झॉस्टवर टर्बाइन फिरवायचं आणि त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबायची. लहान गाड्यांत हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगला सतत तेल लागतं. म्हणजे एका बाजूला लोड आल्यावर सातशे अंश सेल्सिअसच्या घरात जाणारा डिझेलचा एक्झॉस्ट (पेट्रोलचा त्याहूनही गरम), आणि वीतभर अंतरावर दाबाखालचं तेल! इंजिन ऑइलची वाफ ठिणगी मिळाली तर दोनशेच्या थोडं वर पेट घेते. आणि साधारण साडेतीनशेच्या आसपास ठिणगीचीही गरज उरत नाही.

म्हणून मध्ये हीट शील्ड असते. पातळ पत्र्याचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये उष्णतारोधक तंतूंचा थर. शिवाय मामाच्या गाडीत टर्बोखालच्या पाइपला काचतंतूंची पट्टीही गुंडाळलेली होती. या तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. पण जिथे हवा अडकते तिथे तेलही शिरतं, हीच तर गोम आहे.

मिस्त्रीचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. उघड्या पत्र्यावर सांडलेलं थोडं तेल धूर काढून खरंच उडून जातं. तंतूंत मुरलेलं तेल मात्र पातळ थराने हजारो धाग्यांवर पसरतं. तिथे त्याचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून उष्णता निघते आणि ती बाहेर पडू शकत नाही, कारण उष्णता कोंडणं हेच तर त्या थराचं काम! आतलं तापमान वाढत जातं, आणि मग नेहमीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाच्या पाइपवरही तेल आतल्या आत धुमसू लागतं. देवळातला काकडा आठवा. परातीत ओतलेलं तेल काडी लावून सहज पेटत नाही, कापडाला पाजलं की लगेच पेटतं.

हे मला कुठल्या सरांनी शिकवलं नाही. धाटावला पहिल्या पाळीतून सुटलेल्या एका काकांनी सांगितलं. ते थर्मिक फ्लुइड हीटरवर ऑपरेटर. मामाने बॉनेट उघडलं, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ही तर भिजलेली लॅगिंग! आमच्याकडे गरम तेलाच्या लाइनवर असं दिसलं तर पहिल्यांदा लॅगिंग उतरवतात. फ्लँजवर तर आम्ही ती घालतच नाही, गळती झाली तर दिसावी म्हणून. मी काय या गाडीत बसत नाही."

मामा चिडला. "आणि खेप बुडाली तर हप्ता कोण भरणार, काका?"

काका शांतपणे म्हणाले, "मागे आठ जण बसतो आम्ही. दार एकच आहे."

मामा काहीच बोलला नाही. मग त्याने स्वतःच सगळ्यांना मिनिडोरने रोह्याच्या एसटी स्टँडवर पाठवलं. गाडी तिथेच उभी राहिली.

गार झाल्यावर रोह्याच्या एका मेकॅनिकने शील्ड उतरवली. वरून पत्रा ठीक, पण उकलल्यावर आतला थर ओला, काळा आणि मधोमध करपून भुगा झालेला. बाहेरच्यापेक्षा आतून जास्त जळालेला! कोणीतरी सुचवलं, रॉकेलमध्ये बुडवून काढू. मेकॅनिकने हात जोडले. रॉकेल चाळीसेक अंशांवरच पेटण्याजोगी वाफ सोडतं, आणि तंतूंतून ते पूर्ण निघतही नाही. भिजलेला थर धुवायचा नसतो, फेकायचा असतो. तोही झाकणाच्या लोखंडी डब्यात. साबणाच्या डीग्रीझरने धुवायचा तो फक्त उघडा पत्रा.

पण शील्ड बदलण्याआधी त्याने गळती शोधली. सगळे जोड पुसून कोरडे केले, त्यांवर टाल्कम पावडर मारली आणि इंजिन थोडा वेळ चालवलं. तेलाच्या फीड पाइपच्या बँजो बोल्टपाशी पांढऱ्या पावडरीत एक ओली रेघ उमटली. आधीच्या कामात जुनेच कॉपर वॉशर परत बसवले होते. दोन नवे वॉशर, किंमत चहा-भजीएवढी! तेल परत नेणारा पाइप आणि क्रँककेसचा ब्रीदरही त्याने तपासला, कारण ब्रीदर तुंबला की आत दाब वाढतो, टर्बोतलं तेल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर येतं. नवी शील्ड दुसऱ्या दिवशी पनवेलहून आली. तोवर गाडी हलवली नाही, कारण शील्डशिवाय शेजारच्या वायरी आणि होज भाजतात.

नंतर लायब्ररीत वाचलं की जहाजांच्या सुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारातही हा नियम आहे. तेल उडू शकेल अशा २२० अंशांपेक्षा गरम पृष्ठभागावर इन्सुलेशन हवंच, आणि जिथे तेल झिरपण्याची शक्यता असते तिथे त्या इन्सुलेशनच्या पृष्ठभागातून तेल किंवा त्याची वाफ आत जाता कामा नये. जहाजाचा नियम आणि धाटावच्या काकांचा नियम एकच!

आपल्या पेपरात "हीट शील्डचे कार्य लिहा" असा प्रश्न येतो आणि "उष्णता अडवणे" एवढ्यावर मार्क मिळतात. खरं उत्तर आहे, "कोरडी असेपर्यंत उष्णता अडवणे". सुट्टीत घरी गेलात की इंजिन थंड असताना एकदा बॉनेट उघडा. शील्डच्या कडेला बोट फिरवा. बोट तेलकट झालं, तर आधी गळती शोधा, मग शील्ड बदला, आणि तोपर्यंत कितीही महत्त्वाची खेप असली तरी मागे माणसं बसवू नका.