मकोलेतपर्यंत किती पावले?



बेअर शेवातल्या आमच्या जुन्या शिकूनमध्ये गेले वर्षभर एकच विषय चालू आहे, तो म्हणजे पिनुई-बिनुई. जुन्या चार मजली इमारती पाडायच्या, त्या जागी उंच टॉवर बांधायचे आणि जुन्या रहिवाशांना त्यातच नवे घर द्यायचे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात हा विषय येऊन गेला असेल, नसेल तर येईल. आमच्याकडे सभा झाली, तेव्हा लोकांनी तीनच प्रश्न विचारले. घर किती मीटरचे? पार्किंग किती? वाआद बायितचे महिन्याला किती भरावे लागतील? मी उठून विचारले, "खालची मकोलेत कुठे जाणार?" सभा घेणारे तरुण गृहस्थ हसले. म्हणाले, "सावता, आता सगळं घरपोच येतं."

अहो, घरपोच येते ते मलाही ठाऊक आहे. पण दूध घरपोच येते, पाय घरपोच येत नाहीत. मी नर्स म्हणून चाळीस वर्षे काम केले, त्यातली शेवटची बरीच वर्षे घरोघरी जाऊन. साखर मोजायची, जखमेची पट्टी बदलायची, गोळ्यांचा डबा भरून द्यायचा. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी पक्की शिकले. ज्या म्हाताऱ्या माणसाला रोज बाहेर पडायला काही कारण आहे, त्याची तब्येत वेगळी असते. मग ते कारण ब्रेडचे असो, शेजारणीचे असो की मिन्यानचे असो. कारण संपले की आधी पाय जातात, मग भूक, मग झोप, आणि शेवटी बोलणे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करावा. दिवसाला वीस-बावीस मिनिटे झाली. म्हणजे मकोलेतला जाणे, तिथे चार शब्द बोलणे आणि परत येणे. हे औषध कुठल्याच फार्मसीत मिळत नाही.

या विषयावर लिहायचे मनात आले ते माझ्या एका मैत्रिणीमुळे. आम्ही दोघी मुंबईला एकत्र नर्सिंग शिकलो. १९७१ साली मी इकडे आले आणि ती पुढे नोकरीसाठी कुवेतला गेली. आता निवृत्त आहे, पण हिवाळ्यात मुलाकडे राहते. मुलगा वफ्राला शेतीच्या पंपांचे काम करतो. कुवेतहून इस्राएलशी संबंध ठेवणे त्या देशाच्या कायद्यात बसत नाही. म्हणून ती ठाण्याला आली की मगच आमचा फोन होतो, आणि मग दोन-दोन तास चालतो.

वफ्रा म्हणजे कुवेतच्या अगदी दक्षिणेला, सौदी अरेबियाच्या सरहद्दीजवळ. १९२२ च्या करारात तो भाग दोघांच्या सामाईक मालकीचा ठरला होता, त्याची वाटणी पुढे १९६० च्या दशकात झाली. १९५३ साली तिथे तेल सापडले. पण कुवेतमधले लोक वफ्राला ओळखतात ते भाजीसाठी. वाळवंटात विहिरींच्या पाण्यावर टोमॅटो, काकडी, वांगी पिकवतात. हिवाळ्यात शहरातली माणसे शंभरेक किलोमीटर गाडी हाकून तिथे ताजी भाजी घ्यायला येतात. जवळच सरकारने नवी वसाहतही बांधली आहे. मोठाली घरे, रुंद रस्ते, गाड्या लावायला भरपूर जागा.

मैत्रीण म्हणाली, "अगं, भाजी डोळ्यासमोर पिकते, पण ती आणायला मला मुलाची वाट बघावी लागते. रस्ता एवढा रुंद, सावली कुठे नाही. चालताना दिसतात ते फक्त शेतावरचे कामगार, गाडी नाही म्हणून. माझ्यासारखी बाई पायी निघाली तर लोक गाडी थांबवून विचारतात, काही झालंय का म्हणून."

हे ऐकून मला हसू आले आणि वाईटही वाटले. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट दुपारी अकरा ते चारपर्यंत उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे, इतके तिथले ऊन. तिथे उन्हाळ्यात चाला असे कोण म्हणेल? पण मैत्रीण हिवाळ्यात राहते. तेव्हा हवा छान असते, तरीही ती घरातच बसते. म्हणजे दोष एकट्या उन्हाचा नाही. सगळे काही एकमेकांपासून लांब ठेवले आहे, तो दोष मोठा.

आता गंमत बघा. १९५२ साली कुवेत शहराचा आराखडा कोणी केला? इंग्रजांनी. गोल-गोल रिंग रोड काढले आणि त्यांच्यामधे वेगवेगळ्या वस्त्या, प्रत्येक वस्तीत शाळा, मशीद, दुकाने. १९५७ साली जुन्या शहराची भिंत पाडली. आणि आमच्या बेअर शेवाच्या वस्त्या ज्या नमुन्यावर बांधल्या, तो नमुनाही इंग्लंडचाच, उद्याननगरीचा. १८९८ साली एबेनेझर हॉवर्ड नावाच्या गृहस्थांनी पुस्तक लिहिले की गर्दीच्या, धुराच्या शहरांऐवजी हिरवाईत वसलेली छोटी नगरे बांधावीत. कल्पना चांगलीच होती. पण इंग्लंडात पाऊस पडतो! घरांच्या मधे मोकळी जागा सोडली की तिथे आपोआप गवत उगवते. बेअर शेवात वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. आपल्या कोकणात आषाढात एका दिवसातही तेवढा पडून जातो. त्यामुळे अलेफ, बेत, गिमेल अशी अक्षरांची नावे दिलेल्या आमच्या शखुनांमध्ये हिरवळीसाठी सोडलेल्या जागांवर धूळ उडायची. मी आले तेव्हा एका शखुनेतून दुसरीत जायचे म्हणजे उघडे माळरान ओलांडायचे, डोक्यावर ऊन आणि तोंडात वाळू. नवी मंडळी म्हणायची, हे शहर आहे की चार गावे लांब-लांब फेकून दिली आहेत?

त्याच बेअर शेवात दोन गोष्टी मात्र नीट जमल्या होत्या. एक म्हणजे जुने शहर. ते तुर्कांनी १९०० साली वसवले. सरळ, एकमेकांना छेदणारे रस्ते, लहान चौक, घरे रस्त्याला लागून. दर मिनिटा-दोन मिनिटांनी कोपरा येतो, आणि कोपऱ्यावर दुकान. दुसरी गोष्ट म्हणजे १९६० च्या सुमारास 'हे' या अक्षराच्या शखुनेत बांधलेली बैठी घरे. नाहूम झोलोतोव्ह आणि डॅन हाव्किन या वास्तुकारांनी ती सतरंजी अंथरावी तशी एकमेकांना चिकटून बांधली. प्रत्येक घराला आत अंगण आणि मधून अरुंद बोळ. बोळ अरुंद म्हणून एका भिंतीची सावली समोरच्या भिंतीपर्यंत पोचते. दुपारी तीन वाजता मी तिथे पेशंटकडे जात असे. मोठ्या रस्त्यावर जीव जायचा आणि बोळात शिरले की हायसे वाटायचे. आपल्या रेवदंड्याच्या, अलिबागच्या आळ्यांची आठवण यायची.

म्हणजे वाळवंटात चालणे अशक्य नाही. घरे जवळजवळ हवीत, सावली हवी, आणि जायला ठिकाण हवे. या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. एक काढली की बाकीच्या दोन फुकट जातात. जुन्या शहरातला केरेन कायेमेत रस्ता वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना दिला. छान झाले. पण गिऱ्हाईक वातानुकूलित मॉलकडे वळले आणि रस्त्याची रया गेली. गाड्या बंद केल्या की माणसे आपोआप येतात असे नाही. वरच्या मजल्यांवर राहणारी माणसे असली, खाली रोजच्या वस्तूंची दुकाने असली, तर रस्ता जिवंत राहतो.

आपण बेने इस्राएल लोकांना हे कोणी वेगळे शिकवायला नको. शब्बाथला गाडी नाही, म्हणून आपली वस्ती कायम सिनेगॉगच्या पायी अंतरावर. मुंबईत मांडवीला १७९६ सालचे शाआर हारहमीम सिनेगॉग आहे, त्याच्या आजूबाजूला आपली घरे असत. मी माझगावला सर एली कदूरी शाळेत पायी जात असे. वाटेत पिठाची गिरणी, शिंपी, वाणी, आणि खिडकीत बसलेल्या दोन-तीन आज्या. शाळा चुकवायची सोय नव्हती! पोर चुकीच्या दिशेने निघाले की संध्याकाळच्या आत आईला खबर. जेन जेकब्स या बाईंनी १९६१ साली अमेरिकेत पुस्तक लिहून सांगितले की रस्त्यावर लोकांचे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो. आमच्या आज्यांना ते पुस्तक न वाचताच माहीत होते.

आता पुन्हा सगळीकडे लोकांना हे पटू लागले आहे. पुण्याची माझी भाची सांगते, तिथे जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बाके ठेवली. २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते, तेव्हा लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो. पॅरिसमध्ये तर म्हणतात, शाळा, दवाखाना, दुकान सगळे घरापासून पंधरा मिनिटांत हवे. भाचीला मी म्हटले, एक दिवस चांगला, पण बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस म्हाताऱ्यांनी काय करायचे? ती म्हणाली, "मावशी, सुरुवात तरी झाली."

तर आमच्या टॉवरचे काय? माझा टॉवरला विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नव्या घरात लिफ्ट असेल, मामाद असेल. सायरन वाजल्यावर जिना उतरून मिकलात गाठणे या वयात काय असते, ते दक्षिणेतल्या लोकांना सांगायला नको. शिवाय जास्त घरे आली की मकोलेतला जास्त गिऱ्हाईक मिळेल. विरळ वस्तीत दुकान टिकत नाही. पण टॉवरच्या खाली नुसते पार्किंग आणि भोवती कुंपण आले, तर आपलेही वफ्रा होईल. भाजी समोर आणि मुलाची वाट बघा.

म्हणून माझी सर्व वयस्कर मंडळींना विनंती. सही करण्याआधी आपल्या वकिलाला मीटर आणि पार्किंग तर विचाराच, पण हेही विचारा :

तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकानांना जागा ठेवली आहे का? बांधकामाच्या काळात जवळचे दुकान आणि दवाखाना कुठे असेल? (बांधकाम काही वर्षे चालते, आणि आपल्या वयात काही वर्षे म्हणजे थोडी नव्हेत.) आत्ताची मोठी झाडे राहणार की तोडणार? रोप लावले तर त्याच्या सावलीत आपली नातवंडे बसतील, आपण नाही. दर शंभर-दीडशे मीटरवर पाठ असलेले बाक आहे का? पाठ आणि हात हवेत, नाहीतर बसलेल्याला उठता येत नाही. फूटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून काय केले आहे? तोल जाऊन खुबा मोडलेली माणसे मी खूप पाहिली आहेत. पुष्कळ जण पुन्हा पहिल्यासारखे चालले नाहीत.

आणि सिग्नलचा हिशोब मागा. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून पुष्कळ ठिकाणी हिरवा दिवा लावतात. काठी घेतलेली बाई ०.८ मीटर चालते. रस्ता १८ मीटर रुंद असेल तर १५ सेकंदांत तरुण पार होतो, बाईला साडेबावीस सेकंद लागतात. उरलेले साडेसात सेकंद ती गाड्यांच्या समोर असते. मधे थांबायला बेट ठेवले किंवा हिरवा दिवा थोडा लांबवला की काम झाले. यात काही कोटींचा खर्च नाही.

आमच्या शेजाऱ्यांपैकी अकरा घरांनी माझ्याबरोबर हे प्रश्न लेखी दिले आहेत. उत्तर अजून आलेले नाही. ते आल्याशिवाय मी सही करणार नाही. मुलगा म्हणतो, "आई, एका दुकानासाठी एवढं अडवून धरतेस?" मी म्हटले, बाळा, तू मला आठवड्यातून एकदा भेटतोस, मकोलेतवाला रोज भेटतो. दोन दिवस मी दिसले नाही तर पहिला फोन त्याचा येतो.

आता बालमित्रांसाठी एक गृहपाठ. आपल्या सावताचा किंवा साबाचा हात धरून घरापासून मकोलेतपर्यंत जा. पावले मोजा. वाटेत सावली किती ठिकाणी आहे, बाके किती, फूटपाथवर चढलेल्या गाड्या किती, हे वहीत लिहा. मोठ्यांना ते लवकर दिसत नाही, कारण ते गाडीतून जातात. वही भरली की ती आईबाबांना दाखवा आणि पुढच्या सभेला घेऊन जायला सांगा. आणि पावले मराठीत मोजा बरं का, शंभरापर्यंत तरी!

परमेश्वर आपणा सर्वांना दीर्घायुष्य देवो, आणि त्याबरोबर चालते पायही देवो.