मनगटाचं दुखणं, मानेला पट्टा

रात्री हात का बधिर होतात यावर सोप्या भाषेत लिहा, असं संपादकांनी कळवलं आणि मी लगेच हो म्हटलं. कारण लालबागच्या एक काकू अजून माझ्या मनातून जात नाहीत.

त्या ऑफिसांना पोळ्या पुरवतात. "पहाटे तीनला हात मेल्यासारखा होतो. उठून झटकला की बरं वाटतं," असं त्या दोन वर्षं सांगत होत्या. निम्मं निदान या दोन वाक्यांतच आहे. पण मानेचा एक्स-रे निघाला, 'मणक्यात गॅप' सापडली आणि गळ्यात पट्टा आला. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेत झीज दिसतेच, काही त्रास नसला तरी. मानेची नस दबली तर मान हलवताना कळ हातात उतरते. रात्री हात झटकून ती थांबत नाही. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगतो आहे, तरी पट्टे खपतच आहेत. जोडीला बी-१२ची इंजेक्शनं. ते जीवनसत्त्व खरंच कमी असेल तर मुंग्या सहसा आधी पायांना येतात.

खरा प्रकार मनगटात असतो. तिथे आठ छोट्या हाडांवर एक जाड आडवा बंध ताणलेला असतो. त्याखालच्या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि मीडियन नर्व्ह जाते. १९८१ साली गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी या बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला. निरोगी मनगटात तो पाऱ्याच्या अडीच मिलिमीटरइतका भरला, रुग्णांत सरासरी ३२ आणि मनगट दुमडल्यावर ९०च्या वर. साधारण वीस-तीसच्या पुढे नसेच्या स्वतःच्या केसासारख्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावतो. "हातातलं रक्त थांबतं" असं लोक म्हणतात तेव्हा हाताची नाडी व्यवस्थित चालू असते. उपाशी राहते ती नस. झोपेत आपण मनगट दुमडून गालाखाली घेतो, दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर अंगभर पसरतं आणि बोटं तासन्‌तास हलत नाहीत. म्हणून रात्र.

लोअर परळच्या ऑफिसांतली मुलं की-बोर्डला दोष देतात. मेयो क्लिनिकच्या २००१च्या पाहणीत मात्र संगणकावर खूप काम करणाऱ्यांत हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. जोर लावून तीच ती हालचाल करणं आणि हादरे देणारी यंत्रं, यांविरुद्धचे पुरावे जास्त भक्कम आहेत. म्हणजे कणीक मळणारे हात. गिरणगाव या हातांवर जेवला. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी. त्यांच्या कर्जाचा विचार झाला. त्यांच्या मनगटांचा कुणी केला असेल, असं मला वाटत नाही. कष्टाखेरीज मधुमेह, थायरॉइड, संधिवात आणि गरोदरपण हीदेखील कारणं असतात, म्हणून शुगर आणि टीएसएच पाहावंच.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा अंगठ्याखालचा स्नायू सपाट झाला होता. ब्लाउजचे हूक लागत नव्हते, सुटे पैसे बोटांतून निसटत होते. नसेतला प्रवाह मोजणाऱ्या एनसीव्ही तपासणीनंतर हाताला भूल देऊन बंध कापला. मुंग्या गेल्या, झोप लागू लागली. स्नायू भरून आला नाही.

सुरुवातीला उपाय साधा आहे. मनगट सरळ धरणारा, आत पट्टी असलेला स्प्लिंट रोज रात्री, निदान सहा आठवडे. मेडिकलमधला नुसता ताणणारा पट्टा नव्हे, आणि आवळूनही बांधू नये. भागलं नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने काही महिने आराम पडतो. मुंग्या करंगळीत आणि शेजारच्या अर्ध्या बोटात असतील तर बहुधा दुसरी नस कोपरापाशी दबते आहे. मग रात्री कोपराला सैल टॉवेल गुंडाळा, म्हणजे कोपर दुमडणार नाही. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा छातीत दुखू लागलं, तर हा लेख बाजूला ठेवून १०८ला फोन करा.

दोन्ही तळहात शेजारी धरा आणि अंगठ्याखालचा उंचवटा सारखा आहे का, ते आजच पाहा. एक बाजू बसलेली दिसली, तर स्प्लिंट आणि इंजेक्शनांत महिने घालवू नका. थेट नसांच्या किंवा हाताच्या डॉक्टरांकडे जा.