फगव्याचा हिशोब

साताऱ्याहून मेळघाटात रुजू झाले त्याच आठवड्यात मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, दसऱ्याला पोरांना रावणदहनाचं चित्र काढायला सांगू नका." कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ते कळलं फाल्गुनात. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावांत होळीएवढा मोठा सण नाही. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं होळीला गाव गाठतातच. मग मेघनाथाची जत्रा. गावाबाहेर उंच खांब, नवस फेडायला आलेल्यांची गर्दी, ढोल, बासरी. मेघनाथ म्हणजे रावणाचा मुलगा. इथे त्याला नवस बोलतात. माझ्या वर्गातल्या एका पोराची आई त्या खांबापुढे हात जोडून उभी होती. याच पोराला मी ऑक्टोबरात त्या देवाच्या बापाला पेटवायला लावणार होते का? जिल्ह्याच्या प्रशिक्षणात 'विविधतेचा आदर' यावर तासभर ऐकलं होतं. त्यात ना मेघनाथ होता, ना होळी.

अडचण हजेरीची होती. वार्षिक परीक्षेची तयारी आणि होळी एकाच सुमाराला येतात. वर्ग ओस पडतात आणि वरून विचारणा सुरू होते. मुख्याध्यापकांनी त्यांच्या अधिकारातल्या सुट्ट्या वर्षभर राखून होळीला लावल्या होत्या. तरी दिवस कमी पडत होते, म्हणून विषय शाळा व्यवस्थापन समितीत नेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. पुष्कळ ठिकाणी ते सहीपुरतेच, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मात्र एक बाप सरळ बोलला, "पोरं फगवा मागायला जाणारच, गुरुजी. तुमची चाचणी जत्रेनंतर घ्या. आम्हीच आणून सोडतो." चाचणी पुढे गेली. पोरंही आली.

आली ती खिसे खुळखुळवत. रस्त्यावर नाचून, गाड्या थांबवून मिळवलेला फगवा. तिसरीच्या एका टोळीकडे सत्तेचाळीस रुपये होते आणि वाटेकरी सहा. भागाकाराला आठवडाभर कंटाळलेली ही पोरं पाटीवर तुटून पडली. प्रत्येकी सात, बाकी पाच. बाकीवर भांडण जुंपलं. एक म्हणे चिंचा घेऊ, दुसरी म्हणे ज्याने ढोल वाजवला त्याचे.

ढोलवाला चौथीत होता. त्याला बोलावून आणलं, तर त्याने आधी सगळा हिशोब पुन्हा मांडायला लावला.