विकणे आहे, कॅप्टनसकट

मे २०१९ मधली रात्र. मास कॉमची परीक्षा तोंडावर आणि आम्ही चौघी लॅपटॉपसमोर मांडी ठोकून. चॅम्पियन्स लीगची सेमी फायनल, आम्सटरडॅमचा आयाक्स विरुद्ध टॉटनहॅम. हाफ टाइमला आयाक्स २-० पुढे, पहिल्या लेगचा गोल धरून ३-०. कॅप्टन डी लिख्ट अवघा १९ वर्षांचा! माझ्या अंगात त्याच्या नावाची जर्सी, फॅशन स्ट्रीटवरची, स्पेलिंग चुकलेली. मग लुकास मौराने तीन गोल ठोकले, तिसरा इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला. खेळ खल्लास. मी चक्क रडले.

खरी गंमत नंतर कळली. मिडफिल्डला राज्य करणारा फ्रेंकी डी यंग त्या रात्री आधीच विकला गेला होता! जानेवारीतच, बार्सिलोनाला, ७.५ कोटी युरोंना. जुलैत डी लिख्टही युव्हेंटसला गेला, तेवढ्यालाच. डी यंगला आयाक्सने २०१५ मध्ये विलेम टू या छोट्या क्लबकडून एका युरोला उचललं होतं. हो, एका! (पुढच्या विक्रीत दहा टक्के द्यायच्या बोलीवर, म्हणून त्यांचंही भलं झालं.)

यातला हिशेब भारी आहे. बाहेरून आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते. घरच्या अकादमीतल्या पोराची वहीत किंमत जवळपास शून्य. त्यामुळे तो विकला की जवळजवळ सगळा नफाच. डच लीगला टीव्हीचे मिळतात ते पैसे इंग्लंडपुढे चिल्लर, म्हणजे विकल्याशिवाय भागतही नाही. आयाक्सच्या अकादमीच्या मैदानाचं नावच मुळी 'भविष्य' या अर्थाचं आहे. घ्या!

मी त्यांना दुकानदार म्हणून मोकळी झाले होते.

कट टू माझी पहिली नोकरी. एक कंटेंट एजन्सी, ट्रेनी, महिना १२ हजार. एकदा क्लायंटला गेलेलं बिल चुकून माझ्या हातात आलं. माझ्या एका लेखाचे सहा हजार! असे महिन्याला वीस लिहायचे मी. सरांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "अगं, तुला शिकवलं कोणी?"

गोची अशी की ते खरं होतं. हेडलाइन कशी द्यायची, फोनवर माणसाला बोलतं कसं करायचं, सगळं त्यांचंच. सहा महिन्यांत मी सोडलं. डी लिख्टला निदान नवा पगार तरी तगडा मिळाला, मला फ्रीलान्सिंग मिळालं. असो.

आयाक्सने २०२२ मध्ये अँटनीला ९.५ कोटी युरोंना विकलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टीम लीगच्या तळाला होती. तरी मी बघते. परवा त्यांच्या एका कोवळ्या पोराने दोघांना चकवून पास दिला. रूममेट ओरडली, "काय खेळतोय गं!"

मी म्हटलं, "किती कोटींना जाईल?"

तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी चहा टाकायला उठले.